इवल्या आणि मोरांची जाळी

कुत्र्याचं माप घ्यायचं असेल तर तो झोपलेला असताना घेऊ नये. एकोणतीस वर्षं मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. वस्तू कोणत्या स्थितीत मोजली ते आधी लिहा, मग आकडा लिहा, असं प्रत्येक तुकडीला बजावलं. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा घोरणाऱ्या कुत्र्याशेजारी टेप पसरून बसले. पण ते पुढचं. क्रमाने सांगते.

इवल्या हा आमचा कुत्रा. वजन बावन्न किलो, म्हणजे माझ्यापेक्षा चार किलो जास्त. नाव ठेवलं तेव्हा तो खरोखरच इवलासा होता. पुढे तो बदलला, नाव राहिलं. आमचा मुलगा विहंग म्हणतो तो ग्रेट डेन आहे. बेसा चौकातला पानवाला म्हणतो ते वासरू आहे. विहंगने बेंगळुरूला जाताना 'दोन महिने सांभाळा' म्हणून तो आमच्याकडे ठेवला. त्याला आता चार वर्षं होतील. विहंग दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि आधी कुत्र्याची चौकशी करतो.

गेल्या दिवाळीपासून इवल्याचा मागचा डावा पाय कुरकुर करू लागला. उठताना तो आधी पुढचा अर्धा भाग उठवायचा आणि मग मागे वळून उरलेल्या अर्ध्याकडे बघायचा, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे आणि त्याला हाक मारायला हवी. जानेवारीत दोन पायऱ्या चढणंही अवघड झालं. म्हणून आम्ही त्याला रामदासपेठेत प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. माझे पती गिरिधर गाडी चालवत होते, मी नेहमीप्रमाणे त्यांच्या शेजारी, आणि मागची पूर्ण सीट इवल्याला.

छत्रपती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली. दोन पायऱ्यांना घाबरणारा कुत्रा तेवढ्यात दोन सीटांमधल्या फटीतून उडी मारून पुढे आला. पुढचे दोन पाय माझ्या मांडीवर आले. मागचा भाग बसायला जागा शोधत होता, ती त्याला स्टिअरिंगवर सापडली. बरोबर हॉर्नवर. सिग्नल नव्वद सेकंदांचा होता. नव्वद सेकंद आमच्या गाडीचा हॉर्न एकसारखा वाजत राहिला आणि गिरिधर कुत्र्याच्या शेपटीआडून 'मी नाही, मी नाही' असे हातवारे करत राहिले. पुढच्या स्कूटरवरचा माणूस वळून म्हणाला, "ओ काकाजी, वाजवल्यानं हिरवा होते का तो?"

डॉक्टर कामिनी मितभाषी आहेत. त्यांनी इवल्याचा पाय वाकवून पाहिला, उडीची हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, "आठ मंगळवार आणावं लागेल. शेक, मशीन, पाण्यातला व्यायाम. पाय सुधारेल. पण अशी आणखी एक उडी मारली तर मात्र मी काही करू शकणार नाही."

"आणि उपचार केलेच नाहीत तर?" गिरिधरांनी विचारलं.

"तर एक दिवस तो उठणार नाही."

त्यांनी आम्हाला दोन आठवडे दिले. गाडीत त्याला जागच्या जागी ठेवायची व्यवस्था करा आणि मगच आणा, म्हणाल्या. परत येताना गिरिधर प्रत्येक सिग्नलला मागे वळून कुत्र्याकडे बघत होते. मी मनात गणित मांडत होते. गिरिधर सहासष्ट वर्षांचे, कमरेला पट्टा. मी एकसष्ट. न उठणारा बावन्न किलोचा कुत्रा आणि आम्ही दोघं. गणित सुटत नव्हतं.

विहंगने तिसऱ्याच दिवशी एक पट्टा पाठवला. कुत्र्याच्या छातीला बांधायचा आणि त्याचं टोक गाडीच्या सीटबेल्टच्या खोबणीत अडकवायचं. आम्ही घरासमोरच चाचणी घेतली. इवल्या बांधून घेताना शांत होता. मी पुढे जाऊन बसले तसा तो उठला, त्याचा पंजा खोबणीच्या लाल बटणावर पडला, 'टक' असा आवाज झाला आणि तो सुटला. आम्ही पाच वेळा प्रयोग केला, पाचही वेळा हेच झालं. पाचव्या वेळी पट्ट्याचं टोक गिरिधरांच्या स्वेटरमध्ये गुंतलं, त्यामुळे कुत्रा मोकळा आणि गिरिधर बांधलेले, अशी स्थिती आली.

ही चाचणी रस्त्यावर झाल्याने सल्ले सुरू झाले. शेजारच्या चंपतरावांची मौद्याजवळ शेती आहे आणि जनावर म्हटलं की ते कंपाउंडच्या भिंतीला टेकतातच.

"भाऊ, काहून त्रास करून घेऊन राहिले? मी टेम्पो सांगतो. चारी पाय बांधाचे, खाली धानाची तनस टाकाची, अन् चला!"

"अहो, पायाचाच तर इलाज आहे," मी म्हटलं.

"मंग तीन बांधा, वहिनी."

समोरच्या प्रेमिलाताईंनी झोपेच्या गोळीचं सुचवलं. गोळी किती द्यायची, तर त्यांच्या सासूबाई घेत तेवढी. गिरिधरांच्या मोठ्या बहिणीने, यमुताईंनी, महाल भागातून फोन केला. "तुमच्या गाडीतून मला कधी दवाखान्यात नेलं नाहीस गिरिधर तू," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. हा सल्ला नव्हता, पण गिरिधर दिवसभर त्यावर विचार करत होते.

शेवटी मी ठरवलं की पुढच्या आणि मागच्या सीटच्या मध्ये लोखंडी जाळी हवी. भिंत असली की उडी नाही. मी मापं घेतली. इवल्या दुपारी ओसरीत पसरला होता, पोटावर, पंजांवर हनुवटी ठेवून. जमिनीपासून त्याची उंची सत्तेचाळीस सेंटिमीटर भरली. म्हणून मी सीटपासून पन्नास सेंटिमीटरपर्यंत दाट सळया धरल्या आणि वरचा भाग हवेसाठी मोकळा ठेवला. एकास दहा प्रमाणात आकृती काढली, तीन बाजूंनी.

गिरिधर आयुष्यभर सरकारी कचेरीत होते. परवानगीशिवाय ते भिंतीला खिळाही ठोकत नाहीत. "गाडीत बदल करायचा म्हणजे विचारून घ्यावं लागेल," म्हणाले. आम्ही एका कार्यालयात गेलो. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने जेवणाच्या सुट्टीनंतर या म्हटलं, तिसरीतल्या गृहस्थांनी जनावरांच्या वाहतुकीचा अर्ज पुढे केला. अर्जात रकाने होते: गाय, म्हैस, शेळी, कोंबड्या नग किती.

"कुत्र्याचा रकाना नाही," गिरिधर म्हणाले.

"किती मोठा आहे?"

"बावन्न किलो."

गृहस्थांनी पेन शेळीच्या रकान्यावर नेलं, थांबले, म्हशीकडे पाहिलं, आणि अर्ज परत घेतला. मग खिडकीतून वाकून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही भले माणसं दिसता. जाळी नट-बोल्टनं कसू नका. नुसती दोरीनं बांधा. कसली तर तो गाडीतला बदल झाला, बांधली तर सामान."

"आणि कुत्रा?" मी विचारलं.

"तो तुमच्या घरचा, मॅडम. त्याले कायचा अर्ज?"

गिरिधरांनी ही सगळी माहिती तारखेसह डायरीत लिहून घेतली.

बेसा रस्त्यावर कवडूचं दुकान आहे. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, गॅलरीचे कठडे. मी आकृतीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उलटा धरला, मग सुलटा, मग पुन्हा उलटा.

"मॅडमजी, कुत्रा घेऊन या न. कागदाले कोन जाळी लावते?"

"कुत्र्याची सगळी मापं कागदावर आहेत," मी जरा कडक आवाजात म्हटलं. तो आवाज प्रयोगशाळेत चालत असे.

"बराबर आहे जी," कवडू म्हणाला. माझं बोलणं संपवण्याची ती त्याची पद्धत होती, हे मला मागाहून कळलं.

जाळी सोमवारी संध्याकाळी आली, डॉक्टरांच्या मुदतीच्या आदल्या दिवशी. खालच्या सळया माझ्या मापाप्रमाणे, अगदी मिलिमीटरला मिलिमीटर. वर, जिथे मी मोकळी जागा ठेवली होती, तिथे समोरासमोर दोन मोर. चोचीला चोच, पिसारे बाहेरच्या बाजूला, सोनेरी रंगात.

"हे काय?"

"रिकामं दिसत होतं न, मॅडमजी. लोकाईनं पाह्यलं तं काय म्हनन, कवडूनं कायची जाळी देल्ली?"

उतरवायला वेळ नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर मोर वाईट नव्हते.

मंगळवारी सकाळी दहाला आम्ही निघालो. गिरिधरांनी जाळी चार दोऱ्यांनी बांधली, प्रत्येक दोरीला तीन गाठी. इवल्या मागच्या सीटवर चढला. तो झोपेल अशी माझी अपेक्षा होती, कारण माझी सगळी मापं झोपलेल्या कुत्र्याची होती. तो बसला. बसल्यावर त्याचं डोकं पन्नास सेंटिमीटरच्या कितीतरी वर आलं, म्हणजे नेमकं दोन मोरांच्या मध्ये. त्याने एका मोराला हुंगलं, दुसऱ्याला हुंगलं, आणि चोचींच्या खालून डोकं पुढे घातलं.

कान मागे वळले आणि डोकं आलं. मग कान पुन्हा उभे राहिले. बाणाचं टोक असंच असतं, जाताना सरळ जातं, परत येत नाही.

"काढ त्याला आत," गिरिधर म्हणाले.

मी कपाळाला हात लावून त्याला मागे ढकललं. तो पुढे रेटू लागला. मी आणखी ढकललं, त्याने आणखी रेटलं. त्याचा चेहरा माझ्या खांद्यावर होता, गरम श्वास कानात, आणि चेहऱ्यावर पूर्ण समाधान. गिरिधरांनी आता एक करकचून ब्रेक मारला असता तर पायाची काळजी करण्याचं कारणच उरलं नसतं.

"दहाच्या वर जाऊ नका," मी म्हटलं.

आम्ही ताशी दहा किलोमीटरने बेसा रस्त्यावरून परत फिरलो. मागून हॉर्न वाजत होते. एका ऑटोवाल्याने शेजारी येऊन आत पाहिलं, दोन सोनेरी मोरांमधून बाहेर आलेलं ते मस्तक पाहिलं, आणि डावा हात कपाळाला लावून नमस्कार केला.

कवडू दुकानाबाहेर चहा पीत होता.

"हे काय करून ठेवलं, मॅडमजी?"

"मी? मोर तुमचे आहेत."

"मोर बराबर आहे जी. मुंडकं काहून घातलं यानं?"

खोबरेल तेल लावून पाहिलं. त्याने तेल चाटलं. कवडूने ग्राइंडर आणला. तो सुरू होताच इवल्या असा थरथरला की पूर्ण जाळी हलली, आणि मागचे पाय सीटवर घसरू लागले. डावा पाय वाकडा पडला. मी ओरडले, "बंद करा!" एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मी एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. रस्त्यावरचे दोघं-तिघं थांबले.

साडेदहा झाले होते. अकराची वेळ होती. डॉक्टरांनी दिलेले दोन आठवडे आज संपत होते. गिरिधर दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि रुमालाने चष्मा पुसत होते. चष्मा आधीच स्वच्छ होता.

कवडूने ग्राइंडर खाली ठेवला. गाडीभोवती एक फेरी मारली. कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडमजी, तुमी मांगं जाऊन बसा बरं."

"मी? कशाला?"

"बसा तं खरं. तुमी पुढं आहे, म्हनून थो पुढं येऊन राहिला. आमच्या गावाले नवा बैल ट्रॉलीत चढवाचा असला का पयले घरधनीन चढते ट्रॉलीत. जे त्याले पेंड चारते ते. मंग बैल चढतेच मांगून. बैलाले ट्रॉलीशी काय लेनंदेनं आहे?"

मी मागचं दार उघडून आत बसले. इवल्याचा फक्त शेपटीकडचा भाग माझ्या बाजूला होता. मी म्हटलं, "इवल्या." त्याने मान तिरपी केली, एक कान आत घेतला, मग दुसरा, मोरांच्या मधून अलगद डोकं काढलं, वळला, सीटवर आडवा झाला आणि हनुवटी माझ्या मांडीवर ठेवून डोळे मिटले. या सगळ्याला सहा-सात सेकंद लागले असतील.

तो अडकलाच नव्हता. तो सारखा पुढे येत होता, आणि मी त्याच्या पुढे बसून त्याला मागे ढकलत होते.

आता इथे एक कौटुंबिक बाब सांगायला हवी. माझ्यासारख्या बाईच्या हे आधी लक्षात कसं आलं नाही, असं वाचणाऱ्याला वाटेल. तर आमच्याकडे पहिली गाडी आली तेव्हापासून, म्हणजे सव्वीस वर्षांपासून, एक नियम आहे. मी मागे बसायचं नाही. एकदा मी विहंगला घेऊन मागे बसले होते. एका लग्नाच्या हॉलवर दाराशी उभ्या असलेल्या माणसाने माझ्यासाठी दार उघडलं आणि गिरिधरांना सांगितलं, "ड्रायव्हर लोकांचं जेवण तिकडे, मागच्या बाजूला." गिरिधर राजपत्रित अधिकारी होते. त्या दिवशी ते कुठेच जेवले नाहीत. तेव्हापासून गाडीत कोणीही असो, पुढची जागा माझी. यमुताई गुडघे दुखतात म्हणतात तरी मागे बसतात. हा नियम इतका जुना झाला होता की तो नियम आहे हेच आम्ही विसरलो होतो. मी जाळीचा विचार केला, सळईच्या जाडीचा केला, कुत्र्याच्या उंचीचा केला, पण मी कुठे बसते हा विचार केला नाही.

गिरिधर पायरीवरून उठून आले. त्यांनी काचेतून मागे पाहिलं. मी, माझ्या मांडीवर ते मोठं डोकं, आणि पुढे माझी रिकामी सीट. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

"पट्टा लावलास का तुझा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्याचा?"

"लावते."

लाल बटणावर मी कवडूकडची साबणाची रिकामी डबी उपडी घालून चिकटपट्टीने बांधली, म्हणजे पंजा लागणार नाही. जाळी होतीच. कवडूने चोचींखाली दोन आडव्या सळया तारेने आवळल्या. गिरिधर पुढे बसले, एकटे, आणि गाडी सुरू केली.

राहाटे कॉलनीच्या चौकात पोलिसाने हात केला. त्याने आधी मोर पाहिले, मग मोरांच्या मागे मला.

"ए ड्रायव्हर, काच खाली घे."

गिरिधरांच्या मानेची मागची बाजू मला दिसत होती, ती लाल झाली. काच खाली गेली.

"काय आहे हे? बाईले काहून कोंडलं?"

"कोंडलं नाही साहेब," गिरिधर म्हणाले. "मॅडमना दवाखान्यात नेतोय. अकराची वेळ आहे, उशीर झालाय."

"काय झालं मॅडमले?"

"मॅडमना नाही. मांडीवर आहेत त्यांना."

पोलिसाने वाकून पाहिलं. इवल्याने एक डोळा उघडला आणि मिटला. "अबे, वाघ आहे का कुत्रा?" तो मागे सरकून म्हणाला. "जा जा, लवकर ने, बाबा." तेवढ्यात बाजूच्या स्कूटरवरून एक तरुण ओरडला, "मॅडम! नमस्ते! मी तुमच्या दोन हजार बाराच्या बॅचचा! ओळखलं का?" दोन मोरांच्या मधून मी मान हलवली. मॅडम गजाआड कशा, हे त्याने विचारलं नाही. हे त्याच्यावर चांगले संस्कार असल्याचं लक्षण आहे. ते कॉलेजने केले असतील असं मला वाटून घ्यायला आवडतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोहोचलो. डॉक्टर दारातच होत्या. "उडी?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी इवल्याचा पाय हातात घेऊन वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला. आणि म्हणाल्या, "चला, वेळेत आलात."

त्यानंतर दर मंगळवारी गिरिधर पुढे एकटे आणि आम्ही दोघं मागे. दुसऱ्या मंगळवारी ते दवाखान्यासमोर गाडी लावून थांबले असता एका बाईने त्यांना 'भैया, मेडिकल कॉलेजला सोडाल का' असं विचारलं. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी पांढरा शर्ट घालणं बंद केलं. चौथ्या मंगळवारी ते उतरले आणि माझ्यासाठी मागचं दार स्वतः उघडलं. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." ते म्हणाले, "तो आधी उतरला की त्याचा पाय घसरतो. मी धरतो." त्यांनी दोन्ही हातांनी इवल्याची मागची बाजू धरून त्याला खाली उतरवलं, कमरेच्या पट्ट्यासकट.

सहाव्या मंगळवारी आम्ही दवाखान्यातून परतलो तेव्हा चंपतराव फाटकापुढे त्यांची गाडी धूत होते. धुऊन झाली होती. ते चाकांवर शेवटचं पाणी मारत होते. इवल्या उतरला, दोन पावलं चालला आणि त्यांच्या मागच्या चाकापाशी थांबला.

दिवाळीपासून तो बसूनच ती क्रिया करत होता. डाव्या पायावर सगळा भार घेणं त्याला जमत नव्हतं.

त्याने चाक हुंगलं. मग डाव्या पायावर उभा राहिला आणि उजवा वर केला.

गिरिधर गाडीचं दार अर्धं उघडून तसेच थांबले. "कोणी हलू नका," ते कुजबुजले. डावा पाय थरथरला. वाकेल असं वाटलं. वाकला नाही. चंपतरावांच्या हातात पाण्याचा पाइप होता, पाणी त्यांच्याच चपलेवर पडत होतं, पण त्यांनी तो बाजूला केला नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या. आरामात."

मी घड्याळाकडे पाहत होते. अकरा सेकंद.

इवल्याने पाय खाली ठेवला, मागे वळून आपल्या मागच्या अर्ध्याकडे पाहिलंही नाही, आणि दोन पायऱ्या चढून घरात गेला. गिरिधर अजून दार धरून उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला.

चंपतरावांनी नळ बंद केला. ओलं झालेलं चाक बघितलं.

"वहिनी," ते म्हणाले, "पुढच्या मंगळवारी बी गाडी इथंच उभी ठेवू का?"